१ ला मूळ संख्यांतून का वगळले?

‘१ ही मूळ संख्याही नाही आणि संयुक्तही नाही’ हे वाक्य शाळेत सगळेच पाठ करतात. त्यामागचे कारण फार थोड्यांना कळते. विसाव्या शतकातही हा नियम सर्वमान्य नव्हता, हे तर सहसा सांगितलेच जात नाही.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास एका ग्रीक ग्रंथात मूळ संख्या अनंत असल्याची सिद्धता आली. पटींवर काट मारत जाण्याची चाळणीची रीतही ग्रीकांचीच. १ चा वाद तेव्हा उद्भवला नाही, कारण १ ला बहुतेक विद्वान संख्याच मानत नव्हते. ते मोजणीचे एकक होते, बस्स. १५८५ मध्ये एका पुस्तकात १ हीसुद्धा संख्याच आहे असे ठासून मांडले गेले. मग प्रश्न आला, की तिला ठेवायचे कुठे?

अनेकांनी तिला मूळ संख्यांत बसवले. १७४२ च्या एका प्रसिद्ध पत्रात २ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असावी, असा तर्क आहे. ३ = १ + १ + १ चालत असेल तरच तो टिकतो. आज तोच तर्क ‘५ पेक्षा मोठी’ असा मांडावा लागतो. १९१४ मध्ये छापलेली एक कोटीच्या पुढे जाणारी मूळ संख्यांची यादीसुद्धा १ पासूनच सुरू होते.

अडचण अवयव पाडताना येते. ६० = २ × २ × ३ × ५. क्रम सोडला तर ६० चे मूळ अवयव दुसऱ्या कुठल्याही प्रकारे पडत नाहीत. १ ला मूळ मानले, की १ × २ × २ × ३ × ५ हेही खरे, आणि मागे आणखी कितीही १ लावा, तेही खरेच. ‘एकमेव’ हा शब्दच निकामी होतो. चाळणीतही तेच: १ च्या पटी खोडायच्या म्हटल्या तर पुढे एकही संख्या उरत नाही. दोन हजार वर्षे ही चाळणी १ सोडूनच चालवली गेली, म्हणजे हाताला हे आधीच कळले होते. व्याख्या मागाहून आली.

निर्णायक धक्का एकोणिसाव्या शतकात बसला. पूर्णांकांच्या पलीकडच्या संख्यांचे अवयव पाडताना सगळ्यांनाच निःशेष भागणाऱ्या १, −१ यांसारख्या संख्यांचा वेगळा गट करावा लागला. १ ची खरी जागा तिथे आहे. ‘नेमके दोन विभाजक’ ही आजची व्याख्या म्हणूनच ‘१ आणि स्वतः’ यापेक्षा कितीतरी चांगली, आणि पाठ्यपुस्तकांनी तीच आधी द्यायला हवी.

९१ मूळ वाटते, पण ७ × १३ निघते; ९७ ला २, ३, ५, ७ पैकी कोणीच भागत नाही, तेवढी तपासणी पुरते. २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येला मात्र असे भागून पाहणे अशक्य होते. तिथे खास कसोट्या वापराव्या लागल्या.