हॉस्पिसमधील ‘रेस्पिट’ : पाच दिवसांच्या मर्यादेची पार्श्वभूमी

अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा) सवलतीत, घरी सांभाळणाऱ्या माणसाला उसंत मिळावी म्हणून रुग्णाला एका वेळी सलग पाच दिवसांपर्यंत संस्थेत ठेवता येते; यालाच रेस्पिट म्हणतात. थकवा, गावाला जाणे, स्वतःची शस्त्रक्रिया, घरातले लग्न, यांपैकी कोणतेही कारण चालते. रुग्णाची प्रकृती बिघडलेली असण्याची गरज नाही. वाद आहे तो या पाच दिवसांच्या मर्यादेवर.

आधुनिक हॉस्पिस १९६७ मध्ये लंडनला सुरू झाले, तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी खाटा होत्या. १९७४ मध्ये कनेक्टिकटमध्ये ही कल्पना पोचली ती घरपोच सेवेच्या रूपात. पुढे २६ ठिकाणी सरकारी प्रयोग झाला, १९८२ मध्ये कायदा आला आणि नोव्हेंबर १९८३ पासून मेडिकेअरकडून पैसे मिळू लागले. कायद्याचा हिशेब सरळ होता : नर्स फेरी मारणार, रात्रीचे जागरण बायकोने, मुलीने किंवा सुनेने करायचे, तेही बिनपगारी. ही माणसे कोलमडली तर रुग्ण इस्पितळात जाणार आणि बचत बुडणार, म्हणून रेस्पिट. मात्र ते अधूनमधूनच द्यायचे. ‘अधूनमधून’ म्हणजे किती वेळा, हे कायद्याने मोघमच ठेवले. शिवाय हॉस्पिसच्या सर्व रुग्णांच्या एकूण दिवसांपैकी संस्थेतले दिवस २० टक्क्यांच्या आत हवेत, आणि रेस्पिट त्यातच धरायचे.

मोजणीत भरतीचा दिवस धरतात, घरी परतण्याचा नाही. सोमवारी नेले तर शनिवारी आणायचे : रात्री पाच. शनिवारचे पैसे हॉस्पिसला घरच्या सेवेच्या दराने मिळतात. सहाव्या रात्रीही ठेवले तर दर घरच्या सेवेचाच आणि खोली-जेवणाचा खर्च कुटुंबाच्या माथी. इथेच घोळ होतो, कारण शनिवारी रुग्णवाहिका मिळत नाही किंवा मुलाचे विमान रविवारी उतरते.

टीकेचा सगळा रोख पाच या आकड्यावर राहिला, पण जास्त नुकसान दराने केले. २०१९ पर्यंत हॉस्पिसला रेस्पिटचे दिवसाला सुमारे १७६ डॉलर मिळत. बहुतेक हॉस्पिसकडे स्वतःच्या खाटा नसल्याने नर्सिंग होमचे (तिथे म्हणजे वृद्ध-आजारी माणसांना सांभाळणारी निवासी संस्था) बिल त्यातूनच भागवायचे. साहजिकच ही सोय कुटुंबाला आपण होऊन सांगितली जात नसे. हॉस्पिसच्या एकूण दिवसांत रेस्पिटचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. ऑक्टोबर २०१९ मध्ये दर सुमारे ४५० डॉलर झाला आणि भरपाई म्हणून घरच्या नेहमीच्या सेवेचा दर किंचित कापला. रुग्णाचा वाटा पाच टक्के, म्हणजे दिवसाला नऊ डॉलरवरून साधारण बावीसवर गेला.

त्याआधी, २००८ च्या नियमबदलात, रेस्पिटसाठी प्रत्येक पाळीला नोंदणीकृत नर्स असण्याची सक्ती सैल केली. रुग्णाच्या गरजेपुरती असली की पुरे. त्यामुळे करार करायला जास्त नर्सिंग होम मिळाली. पण दर चार तासांनी मॉर्फिन लागणाऱ्या रुग्णासाठी रात्री ते कोण देणार, हे तेव्हापासून आधी विचारून घ्यावे लागते.

वेदना घरी आटोक्यात येत नाहीत म्हणून भरती केले तर ते रेस्पिट नव्हे. त्या भरतीचा दर्जा वेगळा, दर कितीतरी जास्त आणि पाच दिवसांची अटही नाही. उलट, सांभाळणारा थकला एवढ्यावर तो दर्जा मिळत नाही. मुळात नर्सिंग होममध्येच राहणाऱ्या रुग्णाला रेस्पिट लागू नाही.

रेस्पिटची व्यवस्था हॉस्पिसची नर्स किंवा समाजसेविका करते. आधीच सांगितलेले बरे : काही ठिकाणी क्षयरोगाच्या तपासणीचा अहवाल मागतात आणि तो नसला की खाट अडते. औषधे मूळ डब्यांतच द्यावीत, सुट्या गोळ्या नर्सिंग होम घेत नाही. अंगावरच्या जखमा निघताना आणि परतताना नोंदवून घ्याव्यात, नाहीतर शय्याव्रण (पडून राहून होणारी जखम) कुठे झाला यावरून वाद होतो.

मुलांकडे आलेल्या मराठी आईवडिलांपैकी व्हिजिटर व्हिसावरच्यांना यातले काहीच नाही. ग्रीन कार्ड असेल तर वय ६५ आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य झाल्यावर हप्ता भरून मेडिकेअरचा ‘पार्ट ए’ हा भाग घेता येतो; हॉस्पिस, आणि म्हणून रेस्पिटही, त्याच भागात येते.