दहा लिटरच्या डब्यातला वारा

सांगलीला काकांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मे महिन्यात मी माझा गेमिंग कॉम्प्युटर तिथे नेला. काकांनी आधी तो एका हातानं उचलून पाहिला, मग जाळीवर तळहात धरला आणि म्हणाले, "एवढ्याशा डब्यात कोंबलंयस सगळं. जळणार नाही का रे हे?"

डबा दहा लिटरचा. पाच लिटरचे दोन कुकर शेजारी ठेवले की जेवढी जागा लागेल, जेमतेम तेवढा. पुण्याहून एसटीत तो कपड्यांच्या बॅगेत, चादरीत गुंडाळून येतो. आत मात्र कुठलाही भाग खेळण्यातला नाही. गेमचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीचं आहे आणि प्रोसेसर, म्हणजे मुख्य हिशेब करणारी चिप, रायझन 7 7800एक्सथ्रीडी. जागा वाचली ती मुख्यतः मदरबोर्डमध्ये, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात त्या पाटीत. इंटेलनं 1995 मध्ये आणलेला एटीएक्स बोर्ड 30.5 बाय 24.4 सेंटिमीटरचा असतो. तैवानच्या व्हिया कंपनीनं 2001 मध्ये मिनी-आयटीएक्स नावाचा 17 सेंटिमीटरचा चौकोन पुढे आणला. क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांच्याही आत. कार्ड लावायला एकच खाच मिळते, पण गेम खेळणाऱ्याला दुसरी लागते कशाला?

काकांचा प्रश्न मात्र रास्त होता. गेम चालू असताना हा डबा साधारण 300 वॅट खातो: कार्ड 200, प्रोसेसर 80, उरलेलं किरकोळ. आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत गंमत अशी, की मोटरसारखं तो काही फिरवत नाही, उचलत नाही. जेवढी वीज आत गेली तेवढी सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता देतो. म्हणजे मी गेम लावला की खोलीत तीन पाहुणे येऊन बसले असं समजा.

आता हवेचा हिशेब. एक लिटर हवा एका अंशानं तापवायला सुमारे 1.2 जूल लागतात. आत शिरलेली हवा बाहेर पडताना 10 अंशांनी गरम झालेली चालेल असं धरलं, तर दर लिटरमागे 12 जूल निघून जातात. 300 वॅट म्हणजे सेकंदाला 300 जूल. भागाकार केला की उत्तर येतं सेकंदाला 25 लिटर. माझ्या डब्यातली हवा दर सेकंदाला अडीच वेळा बदलली पाहिजे!

हाच हिशेब 45 लिटरच्या मोठ्या कॅबिनेटला लावून पाहा. तिथेही सेकंदाला 25 लिटरच लागतात. डब्याचा आकार गणितात कुठे येतच नाही. वारा थांबला तर मोठ्या कॅबिनेटला थोडी जास्त उसंत मिळते एवढंच. मोठ्या कॅबिनेटचा खरा फायदा वेगळा: त्यात मोठे पंखे बसतात, आणि मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. लहान पंख्याला भिंगरीसारखं फिरावं लागतं आणि तो किरकिरतो. छोट्या डब्याची किंमत आपण कानांनी मोजतो.

म्हणूनच या डब्यांची रचना मला फार हुशारीची वाटते. जर्मनीतल्या डॅन केसेस या कंपनीचं सव्वासात लिटरच्या आसपासचं कॅबिनेट या प्रकारात गाजलं. त्यात मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून उभे असतात, मधे फक्त पत्रा. दोघांचे पंखे आपापल्या बाजूच्या जाळीला तोंड लावून थेट खोलीतली हवा ओढतात. मोठ्या कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा कार्डानं तापवलेलीच हवा प्रोसेसरच्या वाट्याला येते. इथे उष्ट्या हवेचा प्रश्नच नाही. निदान नसायला हवा, त्याबद्दल पुढे.

अवघड काम आहे ते उष्णता चिपपासून हवेपर्यंत पोचवण्याचं. या प्रोसेसरचे आठही कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, सुमारे 70 चौरस मिलिमीटरच्या तुकड्यात आहेत. करंगळीच्या नखाएवढी ती जागा, आणि तिच्यातून 80 वॅट निघतात. आपली 1000 वॅटची इस्त्री घेतली, तर दर चौरस सेंटिमीटरला ही चिप तिच्या वीसेक पट उष्णता देते. नुसतं तांबंही एवढ्या घाईला पुरत नाही. म्हणून चिपवर बसवलेल्या कूलरमध्ये तांब्याच्या बंद नळ्या असतात, त्यांना हीट पाइप म्हणतात. आतली हवा काढून थोडंसं पाणी सोडलेलं असतं. दाब कमी, त्यामुळे ते पाणी चिपच्या उबेवरच वाफ होतं, थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून वातीतल्या तेलासारखं परत येतं. पाणी एका अंशानं तापवायला ग्रॅममागे 4.2 जूल लागतात, वाफ करायला दोन हजारांहून जास्त. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जबर का बसतो, ते इथेच कळतं. अमेरिकेत लॉस अलामोसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये अशी नळी करून दाखवली. पुढे ती उपग्रहांत गेली आणि मग आपल्या टेबलावर आली.

उष्णता निस्तरण्यापेक्षा ती कमी निर्माण करणं केव्हाही स्वस्त. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज 10 टक्क्यांनी उतरवलं की 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 0.81, जवळपास एक पंचमांश उष्णता गेली. कंपन्या व्होल्टेज थोडं चढंच ठेवतात, कारण लाखो चिपांतली सगळ्यात रडकी चिपही चालली पाहिजे. आपली चिप तेवढी रडकी नसेल, तर हा फायदा फुकट मिळतो. हौशी लोक नवीन कूलर घेतात. मी आधी ही सेटिंग करा म्हणेन.

एक संध्याकाळ मात्र मी फुकट घालवली. कार्ड पाठीमागे असल्यामुळे ते मदरबोर्डला रायझर नावाच्या चपट्या केबलनं जोडावं लागतं. सगळं जोडलं, पंखे फिरले, पडदा काळा. झालं असं, की बोर्ड आणि कार्ड दोघं पीसीआय एक्सप्रेस 4.0 च्या, म्हणजे त्यांच्यातल्या जोडणीच्या चौथ्या आवृत्तीच्या, वेगानं बोलू पाहत होते. त्या वेगात एका तारेवरून सेकंदाला 16 अब्ज ठोके जातात. एक ठोका सुटून दुसरा सुटेपर्यंत पहिला केबलमध्ये जेमतेम सेंटिमीटरभर पुढे गेलेला असतो. वीतभर केबलमध्ये पंधरा-वीस ठोक्यांची दिंडी एकामागे एक चाललेली. माझी केबल होती जुन्या, निम्म्या वेगाच्या लायकीची, आणि तिच्यात दिंडीची गर्दी झाली. शेवटी मॉनिटर मदरबोर्डच्याच पोर्टला लावला, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, वेग 3.0 वर आणला आणि चित्र उमटलं. गेममध्ये फरक कळलासुद्धा नाही.

सांगलीत मात्र प्रोसेसर 86 अंशांवर गेला. 89 ला तो स्वतःच वेग उतरवतो. खोलीत 38 अंश होते. पुण्यात जानेवारीत 22 असतात. खोली 16 अंशांनी चढली की आतले आकडेही साधारण तेवढेच चढतात, त्यावर पंख्याचा इलाज नाही. मी तसं काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. देव्हाऱ्यातली उदबत्ती आणली आणि पेटवून प्रोसेसरच्या बाजूच्या जाळीपाशी धरली. धूर आत गेला, आणि क्षणभरानं त्यातला थोडा पंख्याच्या कडेनं वळून पुन्हा पंख्यातच शिरला. पंखा आणि जाळी यांच्यात बोटभर फट होती. कूलरवरून निघालेली गरम हवा त्या फटीतून मागे येत होती.

काकांनी पॅकिंगच्या फोमची एक रिंग कापली आणि पंखा व जाळीच्या मधे बसवली. पुन्हा उदबत्ती धरली. धूर सरळ आत गेला. अर्ध्या तासानं आकडा 79 वर स्थिरावला. काका तोवर एका सबमर्सिबलच्या कॉइलकडे वळले होते.