प्रकटबीज वनस्पती आणि खानदेश

प्रकटबीज वनस्पती म्हणजे ज्यांचे बी फळात झाकलेले नसून उघड्यावरच वाढते अशा वनस्पतींचा गट. अनावृतबीजी हेही त्याचेच नाव. आंब्याची कोय गरात असते, चिंचोका चिंचेत. पाइन, देवदार, सायकस यांच्या बीजांडाभोवती, म्हणजे ज्याचे पुढे बी होते त्या भागाभोवती, फळ बनणारा अंडाशयच नसतो, मग फळ कुठून येणार? जगात यांच्या जाती सुमारे १,०००. त्यांपैकी ६०० हून अधिक शंकू धरणाऱ्या सूचिपर्णी, म्हणजे बहुधा सुईसारख्या पानांच्या.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रानात निसर्गतः उगवलेला सूचिपर्णी वृक्ष सापडत नाही, अगदी सातपुड्यातल्या उंच तोरणमाळलाही नाही. साग, सालई, अंजन, मोह ही सगळी सपुष्प, म्हणजे फुले-फळे धरणारी मंडळी. शेताच्या बांधावरचे ‘सुरू’ दाखवून कोणी पाइन म्हणेल, तर तेही खरे नव्हे. खडशेरणी हे त्याचे दुसरे नाव. त्याच्या ‘सुया’ म्हणजे बारीक कांडेदार फांद्या आणि ‘शंकू’ म्हणजे फळांचा झुबका.

त्यामुळे इथल्या माणसाची या गटाशी ओळख अंगणातच होते. मोरपंखीचे पान वहीत ठेवले की विद्या येते, असे शाळकरी पोरे मानतात. तिच्या फांदीवरचे निळसर, शिंगे फुटलेले गोळे हे तिचे शंकू आहेत, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. बंगल्यापुढच्या सायकसचे नर आणि मादी झाड वेगळे. नराच्या शेंड्यावर हातभर लांब, पिवळट, उग्र वासाचा शंकू उभा राहतो. मादीला मात्र शंकू येत नाही. शेंड्यात तपकिरी, मखमली, कातरलेल्या पानांचा गड्डा बसतो, दुरून पक्ष्याचे घरटेच वाटावे असा. पाने बाजूला सारली की कडेला नारिंगी-लाल बिया दिसतात. त्या विषारी असतात. कुत्र्याने चघळल्या तर त्याच्या जिवावर बेतते. सायकसची शुक्रपेशी नेच्यासारखी पोहत बीजांडातल्या अंडपेशीकडे जाते. जपानमध्ये १८९६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ हिरासे यांनी गिंको या दुसऱ्या प्रकटबीज वृक्षात आणि इकेनो यांनी सायकसमध्ये हे पाहिले. बागेतले एकटे झाड मात्र बहुधा बुंध्याच्या पिल्लांवरच वाढवतात.

पाइनच्या शुक्रपेशी मात्र पोहत नाहीत, पराग बीजांडापर्यंत न्यायला वारा पुरतो. परागकणाला दोन हवेच्या पिशव्या असतात. पराग बीजांडापाशी पोचल्यावरही फलनाला साधारण वर्ष लागते.

उपयोगांची यादी लांब आहे: लाकूड, कागदाचा लगदा, चिलगोजे (पाइनच्या खाण्याच्या बिया), कर्करोगावरचे टॅक्सॉल. त्यातला घरोघरी पोचलेला, पण न ओळखलेला उपयोग म्हणजे आरतीचा कापूर. मूळचा कापूर कापराच्या झाडाचा, म्हणजे सपुष्प. पण आज बाजारात मिळणाऱ्या वड्या बहुतेक पाइनच्या टर्पेंटाईनपासून कारखान्यात बनतात. पाइनच्या खोडाला खाच पाडून चीक गोळा करतात. तो ऊर्ध्वपातित केला की टर्पेंटाईन वेगळे होते आणि खाली राळ उरते.

वर्तमानपत्राच्या कागदालाही जगभर सूचिपर्णींचा लगदा लागे, कारण त्यांचे तंतू लांब. जुन्या खानदेश सुभ्यातल्या बऱ्हाणपूरजवळ नेपानगरला देशातली पहिली अशी गिरणी उभी राहिली. १९५६ साली पंडित नेहरूंनी तिचे लोकार्पण केले. पाइन जवळपास नव्हते, तेव्हा तिथे सातपुड्याची सालई आणि बांबू वापरला गेला. देवापुढच्या धुपासाठीही इथे सालईचाच डिंक जाळतात.