अटीत अट घालताना जुना मजकूर कुठे जातो?

दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या जीपगाड्या कुळे गावातून सुटतात. तिथल्या एखाद्या घरगुती निवासाचे संकेतस्थळ उदाहरणादाखल घेऊ. रेल्वे स्थानकापासूनची वाट, खोल्यांची माहिती आणि जेवणाच्या वेळा एवढा मजकूर त्या पानावर बारमाही असतो. पावसाळ्यात जीप बंद होतात आणि साधारण ऑक्टोबरात पुन्हा सुरू होतात; म्हणून मालकांची इच्छा असते की पावसाळा असेल आणि त्यातही जीप बंद असेल, तेव्हाच एक सूचना दिसावी. मागणी एका ओळीची आहे, पण ती टेम्प्लेटमध्ये नेमकी कुठे बसवली यावर पुढचे सारे अवलंबून असते.

टेम्प्लेट म्हणजे पानाचा साचा. जँगो, जिंजा, लिक्विड अशा प्रणालींत सर्व्हर हा साचा वाचतो, त्यातल्या अटी तपासतो आणि तयार झालेले पानच ब्राउझरकडे पाठवतो. अपुऱ्या विचाराने केलेली मांडणी बहुधा अशी असते:

जर पावसाळा असेल
– जर जीप बंद असेल: सूचना
– आतली अट समाप्त
नाहीतर: जुना मजकूर
बाहेरची अट समाप्त

जानेवारीत हे पान उत्तम चालते. जुलैत मात्र सूचना दिसते आणि खोल्यांची माहिती नाहीशी होते, कारण जुना मजकूर बाहेरच्या ‘नाहीतर’मध्ये जाऊन बसला आहे. त्याहून फसवी स्थिती जूनच्या आरंभीची: पावसाळा लागला, पण जीप अजून धावत आहेत. बाहेरची अट खरी, आतली खोटी आणि आतल्या अटीला स्वतःचे ‘नाहीतर’ नाही. त्यामुळे पान कोरेच राहते, आणि त्रुटीचा संदेशही येत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने साच्यात काहीच चुकलेले नसते.

अशा वेळी ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत, म्हणजे सर्व्हरकडून आलेला मूळ कोड, उघडून पाहावा. मजकूर तिथे असूनही पडद्यावर दिसत नसेल तर दोष बहुतेक सजावटीच्या नियमांत असतो. स्रोतातच नसेल तर अटी तपासायला घ्याव्यात.

उपाय साधा आहे आणि माझ्या मते तोच पहिला नियम असावा: जुना मजकूर अटींच्या बाहेर, जिथे होता तिथेच ठेवावा आणि दोन्ही अटींच्या पोटात केवळ सूचना घालावी. मजकूर खरोखरच बदलायचा असेल, तर मात्र प्रत्येक पातळीवर ‘नाहीतर’ लिहिणे भाग आहे. दोन अटींच्या चार शक्यता होतात, तीन अटींच्या आठ आणि पाच अटींच्या 32. त्यामुळे अटींची उतरंड वाढू लागली की निर्णय मूळ प्रोग्राममध्ये घेऊन साच्याला फक्त तयार उत्तर द्यावे, हे बरे. जँगोच्या अटींत कंस चालत नाहीत आणि ‘आणि’, ‘किंवा’ यांचा क्रम बदलण्यासाठी अटीत अट घालावीच लागते, हे मान्य. तरीही दोन पातळ्यांपलीकडे जाऊ नये.

अट ज्याचे मूल्य तपासते त्या चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावात एक अक्षर चुकले तरी जँगो आणि जिंजा सहसा तक्रार करीत नाहीत. ते चल नाहीच असे समजून अट खोटी ठरवतात. लिक्विडमध्ये याउलट रिकामा मजकूर आणि शून्य, दोन्ही खरे मानले जातात. मालकांनी सूचनेची चौकट रिकामी सोडली, तरी लिक्विडच्या साच्यात सूचनेची रिकामी पेटी उमटते ती त्यामुळेच. म्हणून तिथे मजकूर रिकामा नाही ना, हे वेगळे तपासावे लागते.

पावसाळ्याची अट तारखेवर बेतलेली असेल तर घड्याळही पाहावे. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हर त्या प्रमाणवेळेवर चालत असेल, तर कुळ्यात 1 जून उजाडला तरी साच्याच्या लेखी सकाळी 5.30 पर्यंत 31 मेच असतो, आणि चाचणी नेहमी दुपारी होत असल्याने हा फरक कोणाच्या नजरेस पडत नाही.