श्रीखंडाचा डबा आणि गुलाबजाम चवीचं योगर्ट

बडोद्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी सुपरमार्केटमध्ये दुधाच्या फ्रिजसमोर उभं राहिलं की श्रीखंडाचे डबे आणि योगर्टचे कप एकाच कप्प्यात दिसतात. पूर्वी त्या कपांवर स्ट्रॉबेरी, आंबा, ब्लूबेरी एवढंच असायचं. आता रसमलाई आहे, गुलाबजाम आहे, चीजकेक आहे, सॉल्टेड कॅरमल आहे. श्रीखंडाच्या डब्यांवर केशर, राजभोग, आम्रखंड. दोन्ही दह्यापासूनच होतात, दोन्ही घट्ट, दोन्ही गोड आणि झाकणावरचा पिवळसर रंगही सारखाच. मग दांडिया बाजारातल्या घरात दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी हमखास हा संवाद होतो.

"श्रीखंड आण म्हटलं होतं, हे काय घेऊन आलास?"

"आत्या, तेच आहे गं. केशर-पिस्ता लिहिलंय बघ. आणि हे हेल्दी असतं."

उलट बाजूची चूकही तितकीच होते. दहीच तर आहे म्हणून मुलांना रोज शाळेतून आल्यावर वाटीभर श्रीखंड दिलं जातं. मला हे दोन्ही पदार्थ आवडतात, म्हणूनच त्यांची अशी सरमिसळ झालेली बघवत नाही. श्रीखंड हे पक्वान्न आहे आणि दही हा त्याचा पाया. कपातलं ते दहीच आहे, त्याला पक्वान्नाचा वास आणि गोडी दिलेली आहे.

फरक घट्टपणापासून सुरू होतो. दही फडक्यात बांधून रात्रभर टांगलं की पाणी निथळतं आणि खाली चक्का राहतो. लिटरभर म्हशीच्या दुधाचं दही बांधलं तर चक्का वजनाने साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास निघतो. या टप्प्यावर तो इतका घट्ट असतो की चमचा उभा राहतो. मग त्यात साखर पडते आणि पहिल्या पाच-दहा मिनिटांत चक्का सैल होऊ लागतो. साखर चक्क्यातलंच पाणी ओढून घेऊन विरघळते, त्याने हे होतं. नवीन करणारे इथे घाबरतात. पुरणयंत्रातून काढून फ्रिजमध्ये ठेवलं की तेच मिश्रण पुन्हा आवळतं, आणि आता त्याला चकाकी असते. ही चकाकी साखरेची. श्रीखंड जिभेवर जड, रेशमी लागतं त्यात स्निग्धांशाइतकाच साखरेच्या दाट पाकाचा वाटा असतो. साध्या दह्यापेक्षा श्रीखंड फ्रिजमध्ये जास्त दिवस टिकतं तेही साखरेमुळेच. ती पाणी धरून ठेवते, जंतूंच्या वाट्याला ते कमी येतं.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत हे सगळं आकड्यांत आहे. श्रीखंडात किमान ५८ टक्के घन भाग हवा, आणि त्या कोरड्या भागात साखर जास्तीत जास्त ७२.५ टक्के चालते. गणित मांडून बघा. १०० ग्रॅम श्रीखंडात ५८ ग्रॅम कोरडा भाग धरला तर साखर ४२ ग्रॅमपर्यंत असू शकते, म्हणजे चहाचे आठ चमचे. प्रथिनं कोरड्या भागाच्या किमान ९ टक्के, म्हणजे १०० ग्रॅममागे जेमतेम ५ ग्रॅम. साध्या दह्यात ३ ते साडेतीन ग्रॅम असतात. चक्का मुळात प्रथिनांनी भरलेला, पण जवळजवळ तितक्याच साखरेने तो पातळ होतो. यात श्रीखंडाचा काही दोष नाही. दसऱ्याला पुरीबरोबर खायचं पक्वान्न असंच असायला हवं. फक्त त्याला रोजचं दही समजू नये.

इथे बडोदेकरांनी अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट आहे. घरी फडक्यात होणारं श्रीखंड कारखान्यात मोठ्या प्रमाणावर करायचं तंत्र बसवण्यात आपल्या बडोदा डेअरीच्या सुगम डेअरीचं नाव दुग्धतंत्राच्या पुस्तकांत येतं. शेकडो किलो दही फडक्यात टांगणं शक्य नव्हतं. मग जर्मनीतल्या क्वार्क नावाच्या मऊ चीजसाठी बनलेलं यंत्र, क्वार्ग सेपरेटर, इथे श्रीखंडासाठी वापरलं गेलं. मलई काढलेल्या दुधाचं दही लावायचं, ते गरम करून यंत्रात वेगाने फिरवायचं, पाणी एकीकडे आणि चक्का दुसरीकडे. मग चक्क्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांशाची घट्ट मलई आणि साखर मळायची. मलई आधी काढून नंतर घालण्यात शहाणपण आहे, कारण निथळणाऱ्या पाण्याबरोबर ती वाया जात नाही. डब्यातलं श्रीखंड प्रत्येक वेळी एकसारखं गुळगुळीत लागतं आणि घरचं थोडं कणीदार, थोडं जास्त आंबट असतं, ते या दोन वाटांमुळे. मला स्वतःला घरचंच आवडतं. पण पन्नास माणसांच्या पंगतीला डब्याचं श्रीखंड मी बिनतक्रार वाढेन.

आता कप. योगर्टसाठी दुधात आधीच दुधाची पावडर किंवा दुधाची प्रथिनं मिसळून ते दाट करतात, चांगलं तापवतात, कोमट करतात आणि ठरावीक जीवाणूंचं विरजण लावतात. त्यात दोन मुख्य, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. चवीतला पहिला फरक इथेच पडतो. या जोडीच्या आंबटपणाला अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या वासाच्या द्रव्यामुळे हिरव्या सफरचंदासारखी तीक्ष्ण धार येते. आपल्या दह्याच्या विरजणात बरेचदा वेगळे जीवाणूही असतात. ते डायअ‍ॅसिटिल नावाचं दुसरं द्रव्य तयार करतात, आणि त्याचा वास लोण्याचा. घरच्या श्रीखंडाला मागून जो लोण्यासारखा दरवळ येतो तो काहीसा त्याचा. योगर्ट कितीही महाग घेतलं तरी तो त्यात सहसा तितका मिळत नाही.

घट्टपणाच्या बाबतीत कपांचे दोन गट पडतात आणि हे पाहून घेणं पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. एक गट खरोखर निथळवलेल्या योगर्टचा, ज्याला ग्रीक योगर्ट म्हणतात. दुसऱ्या गटात योगर्ट तेवढंच पातळ असतं, पण स्टार्च, पेक्टिन किंवा जिलेटिन घालून दाट केलेलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे लपत काही नाही. चमच्यानेही कळतं. निथळवलेलं योगर्ट चमच्यावरून सावकाश, तुकड्याने पडतं, आणि कापलेल्या जागी थोड्या वेळाने हिरवट-पिवळसर पाणी जमतं. स्टार्चवालं सलग ओघळतं आणि त्याचा पृष्ठभाग खळीसारखा चकचकीत दिसतो. पाणी सुटलं म्हणजे खराब झालं असं समजून पुष्कळ लोक निथळवलेलं परत करतात आणि खळीवालं घेऊन येतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

गुजरातेत राहताना आणखी एक खूण बघावी लागते. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, म्हणून ते असलेल्या कपावर शाकाहाराचा हिरवा ठिपका न येता तपकिरी त्रिकोण येतो. पाहुणे जैन किंवा स्वामिनारायणी असतील तर आधी झाकण उलटून बघा.

साखरेत कप श्रीखंडाच्या बराच खाली असतो. बहुतेकांचा आकडा श्रीखंडाच्या निम्म्याहून कमी भरतो. लेबलवर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन वेगळे आकडे असतात. दुधाची स्वतःची साखर, लॅक्टोज, १०० ग्रॅमला ४ ग्रॅमच्या आसपास असतेच, ती धरून घाबरू नका. दुसरा आकडा बघा. तो शून्य असेल तर यादीत स्टेव्हिया किंवा सुक्रालोज असं साखरेऐवजी गोडी देणारं काही आहे का ते शोधा. ते असेल तर शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला एक कडसर गोडी रेंगाळते. काहींना ती कळतही नाही, मला लगेच कळते. आणि झाकणावर 'थर्माइज्ड' लिहिलं असेल तर ते आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेलं आहे. जास्त टिकतं, पण जिवंत जीवाणूंसाठी घेत असाल तर उपयोग नाही.

आता चवीकडे येऊ, कारण खरं पारखायचं तिथेच. कुठलाही कप फ्रिजमधून काढल्याबरोबर चाखू नका. थंडीत गोडी कमी जाणवते, आंबटपणा मात्र तसाच टोचतो. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. झाकण उघडल्यावर आधी वास घ्या, मग एक छोटा चमचा जिभेवर दाबून धरा आणि गिळल्यावर मागे काय उरतं ते बघा. मिठाईचा वास पहिल्या क्षणी येतो आणि मागे नुसता आंबटपणा उरत असेल, तर ते वरून घातलेल्या वासाचं काम आहे.

सगळ्या मिठाया योगर्टला मानवत नाहीत, आणि त्याला कारण आहे. गुलाबजामची चव खव्याच्या तळणीत आहे. तुपात तांबूस होताना जे भाजकट, खमंग वास तयार होतात ते योगर्टमध्ये तयार व्हायला जागाच नाही. मग हाती राहतं ते गुलाबपाणी आणि वेलची. वास पाकाचा येतो, चव आंबट दह्याची, आणि दोन्ही एकमेकांना नाकारत राहतात. रसमलाईचंही तसंच. तिची लज्जत आटलेल्या, अजिबात आंबट नसलेल्या दुधात आहे. चॉकलेट घातलं तर योगर्टच्या आंबटपणाने कोकोचा कडवटपणा वर येतो. याउलट चीजकेक चवीचे कप मला बहुतेक वेळा बरे लागले, कारण चीजकेक मुळातच आंबटगोड. तिथे योगर्टला आपला स्वभाव लपवावा लागत नाही. लिंबू, आंबा, जांभूळ, अननस हेही त्याच कारणाने जमतात.

मिष्टी दोई, म्हणजे बंगालचं गोड दही, या सगळ्यांत वेगळी. तिच्यात साखर करपवून किंवा दूध आटवून ती गोडी विरजण लागण्याआधीच दुधात मुरवतात, म्हणून चव आणि पोत एकजीव होतात. मिठाईच्या नावाचा एखादा कप घ्यायचाच असेल तर मी आधी तिच्यावर हात ठेवेन.

हीच गोष्ट शेजारच्या रॅकमध्येही दिसते. पिझ्झा चवीचा खाकरा, पेरी पेरी मखाणे, चीज चवीचे ओट्सचे चिप्स. चव वरून भुरभुरलेली असली की बोटांवर राहते आणि पदार्थ खाली तसाच कोरडा. मेथीचा खाकरा मात्र आतपर्यंत मेथीचाच लागतो, कारण मेथी कणकेत मळलेली असते.

श्रीखंडालाही ही कसोटी लावा. केशर श्रीखंडात खरं केशर असेल तर रंग एकसारखा पिवळाधमक येत नाही. काड्यांभोवती गडद आणि इतरत्र फिकट, असा तो पसरतो. यादीत आयएनएस १०२ दिसलं तर तो टार्ट्राझिन या कृत्रिम पिवळ्या रंगाचा क्रमांक. आम्रखंडात आंब्याचा रस यादीत कितव्या जागी आहे ते बघा.

कशासाठी काय, याचं उत्तर फार लांब नाही. नैवेद्याला, पुरीबरोबर, जावई जेवायला असताना श्रीखंड. संध्याकाळी क्लासवरून भुकेने आलेल्या मुलाला निथळवलेलं योगर्ट, शक्यतो साधं, वर चिरलेलं फळ आणि चमचाभर मध. मिठाईच्या चवीचे कप यांच्यामध्ये कुठेतरी बसतात. आइस्क्रीमऐवजी अधूनमधून ठीक, पण पुरीबरोबर ते चालत नाहीत. पुरीचा तुकडा बुडवून बघितला तर फरक ताबडतोब कळेल. श्रीखंड पुरीला चिकटून वर येतं, योगर्ट वाटीतच राहतं.

आणि आत्याच्या घरी दसऱ्याच्या आदल्या रात्री तो कप आलाच असेल, पण सुदैवाने साधा, बिनगोडीचा ग्रीक योगर्टचा असेल, तर वेळ गेलेली नाही. त्यात अजून पाणी असतं. चक्क्यात किमान ३० टक्के घन भाग लागतो, योगर्टमध्ये तेवढा क्वचितच असतो. म्हणून लगेच साखर घालू नका, पातळ होऊन बसेल. स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, वर जरा वजन देऊन रात्रभर फ्रिजमध्ये निथळू द्या. सकाळी ते चक्क्याच्या जवळ आलेलं असेल. मग पिठीसाखर थोडी थोडी घाला, चक्क्याच्या वजनाच्या पाऊणपटीवर थांबून चव बघा. केशर कोमट दुधात भिजवायचं, पण दूध चमचाभरच. ग्रीक योगर्ट बरेचदा कमी स्निग्धांशाचं असतं, तसं असेल तर घरची साय फेटून दोन मोठे चमचे मिसळा. वेलची-जायफळ सगळ्यात शेवटी, आणि वाढायच्या आधी निदान दोन तास पुन्हा फ्रिजमध्ये.