रंगीत सांडपाण्यावर उजेडाचा उतारा

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री निळी दिसू लागली. फोटो देशभर फिरले, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंग सोडणारा कारखाना बंद केला. २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. अशा घटनांची बातमी होते. भिवंडीच्या डाईंगचं आणि उल्हासनगरच्या जीन्स धुलाईचं पाणी मात्र वर्षानुवर्षं गाजावाजा न होता वाहत आलं आहे.

हा रंग इतका चिवट का? सुती धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग १९५६ मध्ये बाजारात आले. ते सगळेच्या सगळे धाग्यावर चढत नाहीत. उरलेला रंग भरपूर मिठासकट पाण्यात जातो. उन्हाने विटू नये, साबणाने जाऊ नये असाच तो घडवलेला असतो, त्यामुळे सीईटीपीतल्या (कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या) जिवाणूंनाही तो सहज पचत नाही. तुरटी किंवा चुन्याने काही रंग खाली बसतात, पण तेव्हा ते फक्त पाण्यातून गाळात जातात.

उजेडाचा उपाय निघाला तो पेंटच्या एका दोषातून. बाहेरच्या भिंतीवरून हात फिरवला की कधी कधी बोटांना पांढरी भुकटी लागते. टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य उन्हात आपल्याच भोवतीचा बाइंडर (पेंट धरून ठेवणारा चिकट पदार्थ) कुरतडतं, त्याचा हा परिणाम. १९३८ मध्ये गुडीव्ह आणि किचनर यांनी हीच भुकटी उजेडात रंगाला फिकट करते, हे अभ्यासलं. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी त्याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर अतिनील प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, आणि जगाचं लक्ष गेलं. १९७६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी याच मार्गाने पीसीबी (क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायनं) यांसारखं हट्टी रसायन मोडून दाखवलं. तिथून सांडपाण्याकडे वळणं ओघानेच आलं.

उजेड पडला की टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणातला इलेक्ट्रॉन उडी मारतो, मागे रिकामी जागा राहते आणि तिथे पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय आक्रमक तुकडे तयार होतात. ते रंगाचा रेणू तोडतात. अ‍ॅझो नावाच्या गटातल्या रंगात आधी दोन नायट्रोजनमधला बंध तुटतो, म्हणून पाणी लवकर रंगहीन दिसतं. पण उरलेले तुकडे विषारी असू शकतात. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत उजेड चालू ठेवावा लागतो. नितळ पाण्याची बाटली दाखवून काम झालं म्हणणं मला घातक वाटतं. सीओडी, म्हणजे पाण्यात उरलेली घाण मोडायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, मोजायलाच हवा.

अडचणी खऱ्या आहेत. या पदार्थाला सुमारे ३८८ नॅनोमीटरखालचा प्रकाश लागतो, आणि उन्हात तो जेमतेम ५ टक्के. गडद पाण्यात उजेड आतवर पोचत नाही, मिठातले क्लोराइड त्या रॅडिकलना खाऊन टाकतात, बारीक भुकटी परत गाळून घेणं अवघड. आपल्याकडे पावसाळ्यात ऊनही धड नसतं. दिवे लावले तर विजेचं बिल चढतं. म्हणून २००१ मध्ये नायट्रोजन मिसळलेलं टायटॅनियम डायऑक्साइड आणि २००९ मध्ये कार्बन नायट्राइड पुढे आलं. दोन्ही दृश्य प्रकाशातही काम करतात. तरी आज या तंत्राची जागा जैविक प्रक्रियेनंतरची आहे, बऱ्यापैकी निवळलेल्या पाण्यातला शेवटचा रंग काढायला.