नजर चित्रावर, डावा हात कीबोर्डवर

फोटोतल्या चेहऱ्यावरचे बारीक डाग काढायचे असले की ब्रश सतत लहान-मोठा करावा लागतो. गालावर जो ब्रश बरोबर बसतो, तोच पापणीजवळ घोटाळा करतो. मग माउसचा बाण चित्रावरून उचलायचा, वरच्या पट्टीपर्यंत न्यायचा, तिथला इवलासा स्लायडर पकडून सरकवायचा आणि परत पापणीपाशी यायचं. तोवर नेमका कोणता डाग धरला होता तेच हरवलेलं असतं. चौकोनी कंसांच्या दोन की हेच काम नजर न हलवता करून देतात. डावा कंस दाबला की ब्रश लहान होतो, उजवा दाबला की मोठा. फोटोशॉप, जिंप, क्रिता या चित्रांच्या तिन्ही प्रोग्रामांत हे असंच चालतं.

शॉर्टकटने वेळ वाचतो, असं सगळेच सांगतात. ते खरंच आहे, आणि तो किती वाचतो याचा हिशेबही मांडता येतो. पण चित्रांच्या कामात वेळ हा दुय्यम फायदा आहे, असं माझं मत आहे. पत्र टाइप करताना नजर क्षणभर मेन्यूकडे गेली तरी शब्द जागेवरच राहतात. चित्र सुधारताना मात्र आपण रंगातला, कडेतला, उजेडातला अगदी थोडा फरक डोळ्यांत धरून ठेवलेला असतो, आणि नजर ढळली की तो फरक पुन्हा पहिल्यापासून जोखावा लागतो.

आधी सेकंदांचा हिशेब उरकू. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिलं, की लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका हात तिथे अचूक पोहोचायला वेळ लागतो. स्लायडर लहानही असतो आणि स्क्रीनच्या कडेलाही असतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. पुढे १९८० मध्ये स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि अॅलन न्यूवेल यांनी संगणकावरच्या कामाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाला सरासरी वेळ दिला. सराईत टायपिस्टला एक की दाबायला सुमारे ०.२ सेकंद, बाण लक्ष्यावर न्यायला १.१ सेकंद, हात माउसवरून कीबोर्डवर न्यायला ०.४ सेकंद, आणि ‘आता काय करायचं’ हे मनात जुळवायला १.३५ सेकंद. स्लायडरपर्यंत जाणं-येणं म्हणजे बाणाच्या दोन फेऱ्या, २.२ सेकंद. कंसाची की दोन-तीनदा दाबली तरी अर्ध्या-पाऊण सेकंदात भागतं. एका फोटोत ब्रश दोनशे वेळा बदलला, तर पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो. काही फार मोठा नाही. या आकड्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा हाताचा नसून मनाचा आहे, ही यातली खरी गंमत. शॉर्टकट बोटांत मुरला की हा मन जुळवण्याचा वेळही बराचसा गळून पडतो.

आता थोडं मागे जाऊ. झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या रांगेतल्या चार शेजारी की आज जवळजवळ प्रत्येक प्रोग्राममध्ये अनडू, कट, कॉपी आणि पेस्टसाठी असतात. यामागे लॅरी टेस्लर हा संगणकतज्ज्ञ आहे. त्याने आणि टिम मॉट याने १९७०च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात जिप्सी नावाचा मजकूर संपादक तयार केला आणि त्यात कट-कॉपी-पेस्टची पद्धत रुळवली. नंतर तो अॅपलमध्ये गेला आणि १९८३ मध्ये आलेल्या लिसा संगणकावर या चार की ठरल्या. एक्सचा आकार म्हणजे फुलीच, सी हे कॉपीचं आद्याक्षर, आणि व्ही दिसतो मजकूर घुसवायच्या खुणेसारखा. झेड मात्र या तिघांच्या शेजारी होता म्हणून आला.

टेस्लरला ‘मोड’ या प्रकाराचा तिटकारा होता. त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असं लिहिलेलं होतं. मोड म्हणजे प्रोग्रामची अशी अवस्था, जिच्यात तीच कृती वेगळंच काहीतरी करते. चित्रांचे प्रोग्राम पाहिले तर ते मोडांनीच खचाखच भरलेले दिसतात. बी दाबून ब्रश घेतला की माउस ओढल्यावर रंग लागतो, एम दाबून चौकट घेतली की तसंच ओढल्यावर चित्राच्या तेवढ्या भागाची निवड होते, व्ही दाबला की अख्खा थर (लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांपैकी एक) सरकतो. (जिंपमध्ये अक्षरं वेगळी आहेत. तिथे ब्रश पी वर, चौकट आर वर.) सगळ्यांत हाताची हालचाल एकच. म्हणून तर ‘मी रंगवतोय पण रंग का लागत नाही’ हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. टूल भलतंच निवडलेलं असतं, किंवा आधी केलेली एखादी बारीकशी निवड कोपऱ्यात तशीच जिवंत असते आणि रंग तेवढ्यापुरताच लागत असतो.

मोड टाळता येत नसतील, तर निदान ते हाताला जाणवले पाहिजेत. दाबून सोडायची की आणि दाबून धरायची की यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. सेलन, कुर्टनबाख आणि बक्स्टन या संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मोड बदलण्याच्या दोन तऱ्हा दिल्या. एकीत कोणता मोड चालू आहे हे स्क्रीनवर दिसायचं, दुसरीत पायाखालचं पेडल दाबून धरावं लागायचं. पेडल धरणाऱ्यांच्या चुका कमी झाल्या. आपण काहीतरी धरून ठेवलंय, हे स्नायू सतत सांगत राहतात. त्यासाठी डोळ्यांना काम पडत नाही.

फोटोशॉपमधले सर्वांत कामाचे शॉर्टकट याच जातीचे आहेत. कोणतंही टूल हातात असो, स्पेसबार दाबून धरला की बाणाचा पंजा होतो आणि चित्र हवं तिकडे सरकवता येतं. स्पेसबार सोडला की आधीचं टूल परत हजर. ब्रश हातात असताना ऑल्ट धरून क्लिक केलं की त्या जागेचा रंग उचलला जातो. जिंप आणि क्रितामध्ये तेच काम कंट्रोल धरून होतं. फोटोशॉपमध्ये ब्रश वापरताना ई दाबून धरला तर तेवढ्यापुरतं खोडरबर मिळतं आणि सोडताच ब्रश परत येतो. पटकन दाबून सोडला तर मात्र खोडरबरच कायम राहतं. एकाच कीचे हे दोन स्वभाव कित्येकांना वर्षानुवर्षं ठाऊक नसतात. आणि माझं सर्वांत आवडतं: चौकट ओढून निवड करताना ती चुकीच्या जागी सुरू झाली, तर माउस न सोडता स्पेसबार धरायचा. अर्धवट ओढलेली चौकट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येते. स्पेसबार सोडायचा आणि ओढणं पुढे चालू.

स्पेसबारचा शॉर्टकट इतका अंगवळणी का पडतो, यालाही कारण आहे. फ्रेंच संशोधक इव गियार यांनी १९८७ मध्ये दोन हातांच्या कामवाटणीबद्दल एक विचार मांडला. कागदावर लिहिताना आपल्याला वाटतं की सगळं काम उजवा हातच करतोय. प्रत्यक्षात डावा हात कागद धरतो, सरकवतो, तिरपा करतो आणि उजव्याला सोयीची जागा करून देतो. आधी डावा हलतो, ढोबळ हलतो. मग उजवा बारीक काम करतो. स्पेसबारने चित्र सरकवणं म्हणजे नेमकी हीच वाटणी. क्रितामध्ये तर ४ आणि ६ या कीनी कागदासारखा कॅनव्हासही फिरवता येतो आणि ५ ने पुन्हा सरळ होतो. पेन-टॅब्लेटवर चित्र काढणाऱ्यांना मनगटाच्या नैसर्गिक वळणात रेघ ओढण्यासाठी याचा फार उपयोग होतो.

डाव्या हाताची कमाल पाहायची तर मास्कवर काम करताना पाहावी. मास्क म्हणजे थरावर घातलेला पडदा. त्यावर काळा रंग लावला की थराचा तो भाग झाकतो, पांढरा लावला की उघडतो, करडा लावला तर अर्धवट दिसतो. मूळ चित्र खोडलं जात नाही, म्हणून जाणकार खोडरबरापेक्षा मास्क पसंत करतात. फोटोशॉपमध्ये मास्क निवडून डी दाबला की पुढचा (ब्रशला लागणारा) रंग पांढरा आणि मागचा (राखीव) काळा होतो, आणि एक्स दाबला की दोघांची अदलाबदल होते. आता केसांच्या कडेने पार्श्वभूमी झाकायची आहे असं समजा. काळ्याने झाकत जायचं, चुकून केसाची बट गेली की एक्स, पांढऱ्याने ती परत आणायची, पुन्हा एक्स आणि पुढे. इथे चुकीला काही किंमतच उरत नाही, त्यामुळे हात मोकळा चालतो. सोबतीला आकड्यांच्या की असतात. ५ दाबला की ब्रशची अपारदर्शकता ५० टक्के, ० दाबला की १०० टक्के, २ आणि ५ लागोपाठ दाबले की २५ टक्के. शिफ्ट धरून कंस दाबले तर ब्रशची कड मऊ किंवा कडक होते. मास्कच्या छोट्या चित्रावर ऑल्ट धरून क्लिक केलं की नुसता काळा-पांढरा मास्क स्क्रीनभर दिसतो आणि झाकायचे राहिलेले ठिपके लगेच पकडले जातात. शिफ्ट धरून क्लिक केलं की मास्क तात्पुरता बंद.

कंट्रोल-झेडची गोष्ट वेगळीच आहे. मजकुरात एक शब्द मागे घेणं स्वस्त असतं. चित्रात एका फिल्टरने प्रत्येक पिक्सेल बदलू शकतो. १ कोटी २० लाख पिक्सेलच्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले, तर एका प्रतीला सुमारे ३६ मेगाबाइट लागतात. १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली तेव्हा इतकी मेमरी संगणकात स्वप्नातही नसायची. त्यामुळे एकच पायरी मागे जाता यायचं, आणि पुन्हा कंट्रोल-झेड दाबलं की तीच पायरी परत यायची. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत हिस्ट्रीची यादी आली आणि अनेक पायऱ्या मागे जाण्याची सोय झाली, पण कंट्रोल-झेड जुन्याच स्वभावाचं राहिलं. ते बदललं थेट २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये. तेव्हापासून ते इतर प्रोग्रामांसारखं एकेक पायरी मागे जातं, आणि शिफ्ट जोडलं की पुढे येतं. जुन्या लोकांनी बरीच कुरकुर केली, आणि ती अगदीच गैर नव्हती. त्याच कीवर टकटक करून ‘आधी कसं, आता कसं’ हे पाहण्याची त्यांची सवय खरंच उपयोगी होती. ते काम आता कंट्रोल-ऑल्ट-झेड करतं. जुनीच पद्धत हवी असेल तर शॉर्टकटच्या खिडकीत तसा पर्यायही ठेवलेला आहे.

एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाणाऱ्यांनी मात्र जपून राहावं. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-डी ने निवड सुटते, जिंपमध्ये त्याच कीनी पूर्ण चित्राची दुसरी प्रत उघडते. निवड सोडायला तिथे कंट्रोल-शिफ्ट-ए लागतं. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-आय ने रंग उलटतात, जिंपमध्ये निवड उलटते. बोटांना प्रोग्रामचं नाव वाचता येत नाही, ती आपली जुनीच वाट धरतात. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन घ्यायचं, बाकी फारसा फरक नाही. आणि ब्रशचं वर्तुळ जाऊन अचानक नुसती बारीक अधिकची खूण दिसू लागली, तर फोटोशॉप पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका. कॅप्सलॉक चालू राहिलेला असतो.

इतकं सगळं हाताशी असूनही बहुतेक लोक शॉर्टकट वापरत नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्ड वापरणाऱ्या २५१ अनुभवी लोकांना विचारलं, तर अगदी नेहमीच्या कामांसाठीही त्यांचा भर चित्रखुणांवर क्लिक करण्यावरच होता. नुसत्या अनुभवाने सवय बदलत नाही, कारण जुनी रीत चालतेय तोवर काम अडत नाही. २००७ मध्ये ग्रॉसमन, ड्रागिसेविच आणि बालकृष्णन यांनी शॉर्टकट शिकवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा तपासल्या. त्यांत दोन प्रभावी ठरल्या. एक, मेन्यूमधून ती आज्ञा निवडताच येऊ न देणं. दुसरी, मेन्यूतून निवडल्यावर तिचा शॉर्टकट आवाजात ऐकवणं.

पहिली तऱ्हा घरच्या घरी करता येते. फोटोशॉपमध्ये टॅब दाबला की सगळी पॅनेलं गायब होतात आणि चित्र तेवढं उरतं. मग ब्रश बदलायचा तर की आठवावीच लागते. कोष्टक छापून भिंतीवर लावण्याचा मला तरी फारसा उपयोग दिसत नाही. आधी कंस, स्पेसबार आणि एक्स एवढेच पक्के करावेत. ज्या आज्ञेसाठी आपण दिवसातून पाच-दहा वेळा मेन्यू उघडतो, तिचा शॉर्टकट त्याच ओळीत उजवीकडे लिहिलेला असतो. पुढचा तो.

डावखुऱ्यांचं गणित थोडं उलटं होतं. पेन डाव्या हातात, म्हणजे मोकळा हात कीबोर्डच्या उजव्या अर्ध्यावर. तिथे चौकोनी कंस आयते बोटांखाली येतात आणि स्पेसबार तर दोघांचाच आहे, पण एक्स, बी, ई आणि झेड लांब पडतात. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-के दाबलं की शॉर्टकट बदलण्याची खिडकी उघडते. जिंप आणि क्रितामध्येही ही सोय आहे, आणि क्रितामध्ये फोटोशॉपसारख्या शॉर्टकटचा तयार संचही मिळतो. तिथे रंग-अदलाबदल एल वर आणि ब्रश के वर आणून ठेवला, की मास्कचं काम उजव्या हातानेही तितक्याच सुखाने होतं.